सात शतांश सेकंद

जुई इंगवलेच्या शरीराची मापं घ्यायला सहा दिवस लागले. पहिले दोन दिवस पुण्यात, बावधनच्या प्रयोगशाळेत, कमरेपासून तळव्यांपर्यंत तिचे स्कॅन झाले. तिला एका फळीवर उभं करून फळी अचानक कलवायचे आणि कोणता स्नायू किती वेळात आवळतो ते नोंदायचे. पुढचे चार दिवस लाहौलमधल्या चंद्रधारच्या उतारावरून ती अंगभर सेन्सर चिकटवून दीडशे वेळा खाली उतरली. सातव्या दिवशी तिच्या आईने, स्वरूपाने, पडदा उघडला तर जुई तिथे उभी होती. चेहरा नव्हता, कातडी नव्हती. हाडं, स्नायू आणि सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध तेवढे होते. पण उभं राहताना सगळं वजन डाव्या पायावर टाकायची तिची लहानपणापासूनची सवय जशीच्या तशी उतरली होती. स्वरूपाला हसू आलं.

स्वरूपा अठ्ठेचाळीस वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर. कंप हा तिचा विषय. चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात तिने वीस वर्षं एकच काम केलं होतं, थरथर मारायचं. स्टिअरिंगची, सीटची, दारांची. नवरा उदय सैन्यात सुभेदार होता. पहाडातल्या नेमणुकीत तो स्की शिकला, मग जवानांना शिकवू लागला आणि निवृत्तीनंतर चंद्रधारलाच प्रशिक्षक म्हणून राहिला. जुई चौथ्या वर्षी स्कीवर उभी राहिली आणि बाविसाव्या वर्षी देशातल्या पहिल्या पाचांत आली. त्यामुळे पुण्यातल्या ‘तुहिन’ नावाच्या कंपनीने स्की बनवायला घेतल्या तेव्हा स्वरूपाने मोटारी सोडल्या. साताऱ्याच्या नातेवाइकांना ती नक्की काय करते हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आभाळातून पडणारा बर्फ तोवर वर्षाकाठी जेमतेम तीन आठवड्यांवर आला होता. बाकीचा मोसम यंत्रांनी बनवलेल्या बर्फावर निघायचा. तो टिकावा म्हणून त्यात पाणी मुरवायचे आणि मग तो इतका कठीण व्हायचा की त्यावर बुटाची टाच आपटली तर ठण्ण वाजायची. जुन्या स्की त्याच्यावर पकड घेत नव्हत्या. जगभर नव्या स्कीचा शोध चालू होता.

स्की दिसते फळीसारखी, पण ती असते स्प्रिंग. मध्ये लाकूड, त्याच्या वर-खाली कार्बनच्या तंतूंचे आणि धातूचे पातळ थर, दोन्ही बाजूंना पोलादी कडा आणि मधोमध जराशी बारीक कंबर. खेळाडू तिला कुशीवर कलवतो तेव्हा ती वजनाने वाकते, कड बर्फात चर पाडते आणि त्या चरातून स्की वळते. ती कुठे किती वाकावी, किती पिळली जावी, कोणता थर किती जाड असावा, यातली एक गोष्ट बदलली की बाकीच्या सगळ्या बदलतात. पूर्वी वर्षाला दहाबारा जोड्या बनवायच्या, खेळाडूंना घालायला द्यायच्या आणि कशी वाटते ते विचारायचं. आता संगणकातली जुई संगणकातल्या चंद्रधारवरून एका दिवसात चाळीस हजार वेळा उतरत होती. दर खेपेला स्की किंचित वेगळी. हळू निघालेल्या बाद करायच्या, जलद निघालेल्यांमधून पुढची पिढी घडवायची. प्रत्यक्षात बनवायची ती सगळ्यांत शेवटी उरलेली.

चांगलं काय आणि वाईट काय, हे मात्र माणसालाच सांगावं लागतं. ते स्वरूपाने लिहून दिलं होतं. वेळ जितका कमी तितके गुण जास्त. पडली तर शून्य. स्की थरथरली तर थरथरीच्या प्रमाणात गुण वजा, कारण थरथर म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. वीस वर्षांच्या अनुभवाने लिहिलेली ती एक ओळ होती आणि लिहिताना तिला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता.

एकेचाळिसाव्या पिढीतली जोडी डिसेंबरात बनून चंद्रधारला गेली. त्याच दुपारी जुईचा फोन आला. ती जायंट स्लालम खेळायची, म्हणजे उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या पन्नासेक गेटांमधून नागमोडी वळत खाली यायचं, घड्याळाशी शर्यत. त्या दिवशी ती एक पूर्णांक चार दशांश सेकंद लवकर खाली आली होती. या खेळात शतांशांवर पदकं ठरतात.

“आई, आवाजच नाही,” जुई म्हणाली. “मला वाटलं मी अजून नीट सुरूच केलं नाहीये, तोवर खाली पोचले होते.”

कंपनीचे प्रमुख निनाद कर्णिक यांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना जेवायला नेलं. पुढच्याच आठवड्यात जुईची सरावातली जोडीदारीण पल्मो हिचीही मापं घेतली गेली. पल्मो लाहौलमधलीच, वीस वर्षांची, देशात दुसरी. तिच्यासाठीही तशीच जोडी निघाली आणि तिचाही वेळ तितकाच घटला.

जानेवारीत स्वरूपा अहवाल लिहायला बसली. त्यात पडण्यांचा तक्ता द्यावा लागतो. जुन्या स्कीवर संगणकातली जुई हजारात एकतीस वेळा पडत होती. एकेचाळीसवर बारा वेळा. आकडा उत्तमच होता. मात्र त्याच्या शेजारच्या रकान्यात ‘तोल जाऊन सावरली’ अशा वेळा मोजलेल्या असतात. जुन्या स्कीवर त्या दोनशेच्या घरात होत्या. एकेचाळीसवर तिथे शून्य होतं.

तिला वाटलं मोजणीत चूक आहे. तिने पडण्यांपैकी एक उघडून पाहिली.

उतार, गेटं, पडद्यावरची बिनचेहऱ्याची जुई. पंधरावं गेट, सोळावं, सतरावं, सगळं गाळलेल्या तेलासारखं वाहत होतं. तेविसाव्या गेटाला, काहीही न बदलता, दोन्ही स्की एकाच क्षणी बाजूला गेल्या. पुढे पंचवीस मीटर ती हवेत आणि बर्फावर होती. उजव्या गुडघ्याच्या अस्थिबंधावर, तो तुटायला लागतो त्याच्या तिप्पट ताण. माकडहाडाच्या वरच्या मणक्यावर दुप्पट. पडद्याच्या कोपऱ्यात हे आकडे लाल रंगात आले आणि संगणकाने ती जुई उचलून पुन्हा वर उभी केली, वजन डाव्या पायावर.

स्वरूपाने दुसरी पडणी उघडली. मग तिसरी. त्या दिवशी तिने आपली मुलगी एकशे सोळा वेळा पडताना पाहिली. मध्ये कोणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. ती बघत राहिली कारण प्रत्येक वेळी दोन्ही स्की चाहूल न देता एकदम सुटत होत्या, आणि तशी नसलेली एखादी तरी पडणी सापडेल असं तिला वाटत होतं.

कारण समजायला तिला दोन दिवस लागले. जुनी स्की निसटायच्या बेताला येते तेव्हा ती सगळी एकदम निसटत नाही. आधी पुढचं टोक सुटतं, पुन्हा पकडतं. मग बुटाखालचा भाग. मग मागचा. हे सुटणं-पकडणं सेकंदाला वीसपंचवीस वेळा होतं आणि ते खेळाडूला तळव्यात थरथर म्हणून जाणवतं. त्याला ते कळायच्या आत त्याचं शरीर वजन मागे घेतं, वेग एक केसभर कमी होतो आणि तो वाचतो. पहिल्या थरथरीपासून पूर्ण निसटेपर्यंत साधारण चार दशांश सेकंद मिळतात. तळव्यातून निघालेला निरोप मेंदूत जाऊन पायात परत यायला दोन दशांश लागतात. म्हणजे वेळ पुरतो.

थरथरीला गुण वजा होते, म्हणून संगणकाने चाळीस पिढ्यांत ती काढून टाकली होती. त्याने सगळा भार कडेवर टोकापासून शेपटापर्यंत इतका सारखा वाटून दिला होता की कुठलाच भाग दुसऱ्याच्या आधी सुटत नव्हता. सुटली तर अख्खी कड एकदम सुटायची. पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंत सात शतांश सेकंद मिळत होते. त्यात कोणालाच काही करता आलं नसतं. आणि संगणकातल्या जुईला तिचे स्नायू होते, हाडं होती, पण भीती दिलेली नव्हती. त्यामुळे भीतीची खूण हरवली हे हिशोबात कुठे दिसलंच नाही.

ती कर्णिकांकडे गेली. कर्णिक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, दोन पडण्या स्वतः पाहिल्या, दुसरीच्या वेळी नजर वळवली. मग त्यांनी पहिल्या तक्त्यावर बोट ठेवलं. पडणं एकतीसवरून बारावर आलं आहे की नाही, असं त्यांनी विचारलं. आलं होतं. म्हणजे एकूण पाहता ही स्की जास्त सुरक्षित आहे, असं ते म्हणाले, आणि स्वरूपाला त्यात गणिताची चूक दाखवता येईना. एकोणीस खेळाडू पडायचे वाचत होते. बारा पडत होते ते उठत नव्हते. हे दोन आकडे एकमेकांतून वजा कसे करायचे, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर तिने जे केलं ते कोणालाही न विचारता केलं. बेचाळीस क्रमांकाची एक जोडी तिने स्वतः आखली. बुटाखालच्या भागात एका थराची जाडी बदलली आणि पुढचं टोक जरा आधी सुटेल असं केलं. थरथर परत आली. मिळणारा वेळ तीन दशांश सेकंद झाला. वरचं चित्र, रंग, अक्षरं सगळं एकेचाळीससारखंच ठेवलं, आणि कडा घासायला हातातली जोडी काही दिवस बाजूला ठेव, तोवर तशीच ही दुसरी वापर, असा निरोप देऊन ती जोडी तिने जुईला पाठवली.

पल्मोला तिने काहीच पाठवलं नाही. पल्मोची जोडी बदलायची तर कर्णिकांची सही लागली असती. पल्मोला नुसतं सांगायचं तर जुईला कळलं असतं. असं ती स्वतःला सांगत राहिली.

फेब्रुवारीच्या मध्यात उदयचा फोन आला. एरवी तो कामापुरतं बोलायचा. त्या दिवशी बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिला आणि मग म्हणाला की पोरीचं काहीतरी बिनसलंय. तिचा वेळ पाऊण सेकंदाने वाढला होता आणि का ते तिला कळत नव्हतं. ती पहाटे सगळ्यांच्या आधी उतारावर जायची. जेवण निम्म्यावर आलं होतं. कड तीच, मेण तेच, मग बिघाड आपल्यातच आहे असं तिने ठरवून टाकलं होतं. परवा सोळाव्या गेटाला ती मध्येच थांबली होती.

“घाबरते म्हणते,” उदय म्हणाला. “मला भीती वाटायला लागलीय, पप्पा, असं म्हणाली. चार वर्षांची होती तेव्हासुद्धा कधी म्हणाली नव्हती.”

निवड स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. पहिल्या चौघी युरोपातल्या मोसमाला जाणार होत्या. स्वरूपाने तिकीट काढलं, पण कर्णिकांच्या एका बैठकीमुळे निघणं लांबलं आणि ती पोचली तेव्हा स्पर्धा दुसऱ्या दिवसावर आली होती.

स्की ठेवायच्या खोलीत मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. जुई बाकावर बसून कडेवर कानस फिरवत होती. गालफडं बसली होती. स्वरूपाने सगळं सांगितलं, तक्त्यापासून बेचाळीसपर्यंत, काही न लपवता. लॅपटॉप उघडून पडण्याही दाखवल्या. जुईने त्यातल्या अकरा पाहिल्या. उदय दाराशी उभा होता, तो एक पाहून बाहेर गेला.

जुईने कानस खाली ठेवली. ती ओरडली नाही. स्वरूपाला वाटलं होतं ती ओरडेल.

“महिनाभर मला वाटतंय मी संपले,” ती म्हणाली. “तू मला न विचारता मला घाबरवलंस, आई.”

स्वरूपाने सांगायचा प्रयत्न केला की सांगितलं असतं तर तू एकेचाळीसच घातली असतीस. जुई म्हणाली, हो, घातली असती. मग तिने विचारलं, “आणि पल्मो?”

स्वरूपाने लॅपटॉप मिटला.

दोघी तशाच उठून पल्मोच्या खोलीवर गेल्या. पल्मो खिडकीत बसून मोजे वाळवत होती. तिने दोघींना बसायला दिलं, थर्मासमधला चहा ओतला आणि स्वरूपा हिंदीत सांगत होती ते सगळं नीट ऐकलं. पडद्यावरची तिची स्वतःची पडणीही तिने पाहिली. तिच्याही हाडांचं रूप संगणकात होतंच. मग तिने जुईकडे पाहिलं. महिनाभर जुई तिच्यापेक्षा पाऊण सेकंद मागे होती, उद्या निवड होती, आणि आज संध्याकाळी जुई आपल्या आईला घेऊन आली होती. ती काही वेडंवाकडं बोलली नाही. एवढंच म्हणाली की आंटी, मी या स्कीवर आजवर एकदाही पडलेले नाही. ते खरं होतं. जिना उतरताना जुईच्या डोळ्यांत पाणी होतं.

सकाळी उजेड स्वच्छ होता आणि उतार काचेसारखा चमकत होता. उदय वर, सुरुवातीच्या ठिकाणी, खेळाडूंबरोबर होता. जुईने दोन्ही जोड्या वर नेल्या होत्या. कोणती घालणार हे तिने सांगितलं नाही आणि स्वरूपाने विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवला आहे असं तिला वाटत होतं. ती कडेच्या लाल जाळीला धरून तेविसाव्या गेटापाशी जाऊन उभी राहिली, कारण संगणकात निम्म्या पडण्या तिथे होत होत्या. थंडीने तिची बोटं बधिर झाली होती आणि ती जाळी सोडत नव्हती.

पहिल्या तिघी गेल्या. त्या जुन्या स्कीवर होत्या आणि दिसायच्या आधी ऐकू यायच्या. पत्र्यावरून खडे घरंगळावेत तसा खडखडाट वरून जवळ यायचा, वळणावर वाढायचा, मग खाली विरायचा.

चौथी पल्मो. तिचा आवाज आला नाही. वरच्या कड्यावर ती अचानक दिसली आणि तितक्यात तीन गेटं पार करून जवळ आली. स्वरूपाने इतक्या वेगात कोणाला वळताना प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. ते इतकं सुंदर होतं की क्षणभर ती घाबरायचं विसरली. पल्मोचा चष्मा पारदर्शक होता, डोळे दिसत होते. ती तेविसाव्या गेटाला वळली आणि तिच्या पायांखालून दोन्ही स्की निघून गेल्या.

स्वरूपाला पुढे कित्येक महिने दिसत राहिला तो पल्मोचा चेहरा. ती बर्फापासून सुटली होती, आडवी झाली होती, जाळी तिच्यासमोर दहा हातांवर होती आणि चेहरा शांत होता. भुवया सैल होत्या. तिला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

मग ती आपटल्याचा आवाज आला.

मदत करणारे स्वरूपाच्या आधी पोचले. पल्मो जिवंत होती. डावा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला होता. तिला फळीवर बांधलं, हेलिकॉप्टर आलं, स्पर्धा पन्नास मिनिटं थांबली. कोणीतरी बर्फावरचं रक्त फावड्याने उकरून जाळीपलीकडे टाकलं आणि त्या जागी पाणी मारून बर्फ पुन्हा सपाट केला. स्वरूपा तिथेच बर्फावर बसली होती. तेवढ्यात शेजारच्या पंचाने आपला वॉकीटॉकी तिच्यापुढे धरला. वरून उदय बोलत होता.

“जुई विचारतेय,” तो म्हणाला, “पल्मोला काही जाणवलं होतं का. तू बघितलंस ना?”

स्वरूपाने सांगितलं की नाही, काही जाणवलं नव्हतं. पलीकडून बराच वेळ नुसती खरखर आली. मग यंत्र बंद झालं.

जुईचा क्रमांक नववा होता. दोन्ही जोड्यांची रंगसंगती एकच, त्यामुळे लांबून काही कळणं शक्य नव्हतं. वरचा घंटेसारखा संकेत वाजला तेव्हा स्वरूपाने डोळे मिटून घेतले. तिने आवाज शोधला. वारा होता. जाळीची दोरी खांबावर आपटत होती. बाकी काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं लांबत गेलं. आणि मग वरच्या कड्यावरून खडखड ऐकू आली, बारीक, मग मोठी. तेविसाव्या गेटाला तो आवाज एकदम कर्कश झाला तसे स्वरूपाने डोळे उघडले; जुईची स्की हातभर घसरली, तिने वजन मागे घेतलं, हात बर्फाला लागला आणि ती सावरून पुढे गेली. क्षणात तिची फक्त पाठ दिसत होती.

जुई सहावी आली. हातभर घसरली नसती तर चौथी आली असती. खाली ती स्की काढून बराच वेळ बसून राहिली आणि आई जवळ आल्यावर फक्त इतकंच म्हणाली की थरथरलं तेव्हा मी घाबरले आणि घाबरले म्हणून मागे झाले. ती रडत होती का हसत होती ते स्वरूपाला कळलं नाही.

स्वरूपाने पुण्याला परतून सगळे पुरावे खेळाच्या महासंघापुढे ठेवले, बेचाळीसची आपली लबाडीही. चौकशी समिती नेमली गेली. कर्णिकांनी तिथे तोच तक्ता दाखवला, एकतीस आणि बारा, आणि समितीतल्या तिघांनी तो पुन्हापुन्हा वाचला. त्यांनी शिफारस केली की खेळाडूंना लेखी सूचना द्यावी आणि स्कीवर बंदी घालू नये. तोवर दुसऱ्या दोन देशांतल्या कंपन्यांच्या संगणकांनीही तशाच स्की शोधून काढल्या होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. वेगाचे गुण आणि थरथरीचा दंड, एवढं दिलं की सगळी यंत्रं त्याच जागी पोचत होती. कर्णिकांनी स्वरूपाला काढलं नाही. उलट पुढच्या मोसमाची जबाबदारी तिच्यावरच ठेवली. धोका तुम्हालाच सगळ्यांत जास्त कळतो, मॅडम, असं ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. तिने हो म्हटलं. आपण सोडलं तर त्या जागी ज्याने एकही पडणी पाहिलेली नाही असा कोणीतरी बसेल, या भीतीने म्हटलं.

एप्रिलमध्ये ती आणि जुई चंदीगडला पल्मोला भेटायला गेल्या. तिच्या मांडीत सळई होती, कमरेत चार खिळे, डाव्या पावलाला अजून स्पर्श कळत नव्हता. डॉक्टर म्हणत होते वर्षभराने चालेल, कदाचित काठी लागेल. स्वरूपाने तिची माफी मागितली. आधी सांगायला हवं होतं आणि मी माझीच मुलगी वाचवली, हे तिने त्याच शब्दांत सांगितलं. पल्मोने तिचा हात धरला. तुम्ही सांगितलंत तेव्हाही मी ऐकलं नाही, महिनाभर आधी सांगितलं असतंत तरी ऐकलं नसतं, असं ती म्हणाली.

मग ती उशीवर डोकं टेकून त्या सकाळबद्दल बोलायला लागली. तेविसाव्या गेटाचं तिला सगळं आठवत होतं. आयुष्यात कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं. पायाखाली बर्फ आहे की नाही हेही कळत नव्हतं. जाळीत आदळेपर्यंत तिला वाटत होतं की आपण जिंकतोय. ती सांगत होती तेव्हा तिचे डोळे चमकत होते, आणि सांगून झाल्यावर तिने अगदी सहज, एखादी राहिलेली वस्तू मागावी तसं विचारलं, “आंटी, माझी ती जोडी जपून ठेवलीय ना?”

 स्वरूपाने आधारासाठी जुईकडे पाहिलं. जुई पल्मोकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दया असेल, धसका असेल, असं स्वरूपाला वाटलं होतं. तिथे हेवा होता.

दवाखान्याच्या लांब बोळातून दोघी बाहेर निघाल्या.  लिफ्टपाशी आल्यावर जुईने वर जाणाऱ्या आकड्यांकडे बघत हळूच विषय काढला. डिसेंबरला अजून आठ महिने आहेत, म्हणाली. बाकीच्या सगळ्या तसल्याच स्कीवर असतील. बेचाळीसवर मी सहावीच येत राहीन.

“तुला काय हवंय?” स्वरूपाने विचारलं.

“पूर्ण शांत नको, आई. मला कळतं ते.” जुई अजूनही आकड्यांकडेच बघत होती. “पण तीन दशांश जरा जास्त होतात. थोडा आवाज कमी नाही का करता येणार? अगदी थोडा.”

नाही म्हणायचं, एवढं स्वरूपाने मनाशी नक्की केलं. लिफ्ट आली, दार उघडलं, आतली माणसं बाहेर पडेपर्यंत दोघी बाजूला सरकल्या. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, कामाच्या बैठकीत असतो तसा, नीट आणि शांत.

“थोडा म्हणजे किती?”